हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब: लावण्याआधी आणि लावल्यावर काय तपासायचं

ॲक्सेसरीच्या दुकानात बोर्डावर दोन बल्ब शेजारी शेजारी पेटवून दाखवतात. एलईडीच्या पांढऱ्या झोतापुढे पिवळा हॅलोजन अगदी मरगळलेला वाटतो आणि गिऱ्हाईक तिथेच पैसे मोजतं. पण दुकानात दिसतो तो नुसता उजेड. हेडलाइटमधल्या रिफ्लेक्टरमध्ये, म्हणजे उजेड पुढे फेकणाऱ्या आरशासारख्या भागात, बसल्यावर तो रस्त्यावर पडणार की समोरच्याच्या डोळ्यांत, हे बोर्डावर कळत नाही. सगळा प्रश्न तेवढाच आहे.

हा लेख कंपनीतूनच एलईडी हेडलाइट आलेल्या गाड्यांसाठी नाही. हॅलोजन बल्बसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये, म्हणजे ऑल्टो, वॅगन-आर किंवा अनेक गाड्यांच्या खालच्या मॉडेलांत असतो तशा एच-४ (लो आणि हाय बीम एकाच बल्बमध्ये देणाऱ्या) बल्बच्या जागी, एलईडी बसवायचा विचार असणाऱ्यांसाठी आहे. जुनी गाडी घेतली आणि आधीच्या मालकाने असे बल्ब लावून ठेवलेत, अशांनाही तो तितकाच लागू पडतो.

कायद्याची बाजू आधी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हॅलोजनच्या हेडलाइटमधला एलईडी बल्ब यात मोडतो. ‘सगळेच लावतात’ हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरपुढे चालत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम मात्र दंडापेक्षा कामाचा आहे, कारण त्यात मोजमाप दिलंय. दिव्याचा झोत कायम इतका खाली वळलेला हवा, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपणार नाहीत. ही जागा टेप घेऊन कुणालाही मोजता येते. पुढे ती वापरायची आहे.

‘आमच्या बल्बला युरोपची मान्यता आहे’ असं दुकानदार म्हणाला तर बल्बवरचा शिक्का वाचा. वर्तुळातल्या ‘ई’ च्या शेजारी बहुतेक वेळा ‘१०आर’ ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो नियम विद्युत हस्तक्षेपाचा, म्हणजे बल्बमुळे रेडिओसारख्या उपकरणांत येणाऱ्या अडथळ्याचा आहे. झोत कुठे पडतो याच्याशी त्याचा संबंध नाही. सीई (युरोपात विक्रीसाठीची सर्वसाधारण खूण) आणि आरओएचएस (घातक पदार्थांच्या मर्यादेची खूण) यांचंही तेच. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना रस्त्यावर वापरायची मान्यता मिळालीय, पण ती गाडीचं मॉडेल आणि हेडलाइटचा प्रकार यांच्या यादीपुरती. यादीत नसलेल्या गाडीत तोच बल्ब तिथेही बेकायदा ठरतो. ब्रिटनमध्ये तर २०२१ पासून हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी दिसला की गाडी एमओटी या तिथल्या वार्षिक तपासणीत नापास होते.

बल्ब बदलला की झोत का बिघडतो

एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. हाय बीमचं फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर असतं. लो बीमचं त्याच्या थोडं पुढे असतं आणि त्याच्याखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून लो बीमला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग काम करतो आणि तिथून परतलेला उजेड रस्त्याकडे झुकतो. भिंतीवर दिसणारी ती स्वच्छ आडवी रेघ, म्हणजे कट-ऑफ, याच वाटीमुळे येते. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे रेघ उजवीकडे सपाट आणि डावीकडे १५ अंशांनी वर चढलेली असते: उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचतात आणि डाव्या कडेचा पादचारी दिसतो.

आता एलईडी. फिलामेंट ही चारपाच मिलिमीटर लांब, जेमतेम दीड मिलिमीटर जाड, चहूबाजूंनी उजेड देणारी तार. एलईडीत पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप असतात. मध्ये पट्टीची जाडी, वर आणि खाली जवळजवळ अंधार. चिप मिलिमीटरभर पुढे-मागे असली किंवा पट्टी जाड असली, की रिफ्लेक्टरला उजेडाचा उगम भलत्याच जागी सापडतो. मग रेघेच्या वर उजेड सांडतो, दूरचा मुख्य ठिपका पसरतो आणि बॉनेटपुढची दहापंधरा मीटर जागा लख्ख होते. या लख्ख जागेनेच माणूस फसतो. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं कमी दिसतं, पण चालवणारा म्हणतो, ‘काय उजेड आहे!’

प्रोजेक्टरमध्ये, म्हणजे भिंगातून झोत टाकणाऱ्या हेडलाइटमध्ये, रेघ आतल्या पडद्यामुळे येते, म्हणून वर सांडणं कमी असतं. तिथेही मधला ठिपका खाली सरकू शकतो, तेव्हा भिंतीची चाचणी चुकवू नका.

खोक्यावरचे आकडे

मानकाप्रमाणे एच-४ हॅलोजन लो बीमला सुमारे १,००० आणि हाय बीमला सुमारे १,६५० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) देतो. खोक्यावर ‘२०,००० ल्युमेन, २०० वॅट’ वाचलंत तर वायरीभोवती लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. डीसी मोजणारा मीटर हवा. साध्या एसी क्लॅम्पला गाडीतला करंट दिसत नाही. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्टला एका बल्बने १.९ अँपिअर घेतला तर तो २५ वॅटचा बल्ब आहे. दोन मिळून २०० वॅट खरे असते तर प्रत्येकाने सात अँपिअरच्या वर घेतला असता, आणि तेवढी उष्णता अंगठ्याएवढ्या हीट-सिंकला बाहेर टाकता आली नसती.

रंगाचा आकडाही पाहा. हॅलोजन साधारण ३,२०० केल्विनचा, बाजारातले एलईडी ६,००० ते ६,५००. निळसर पांढरा उजेड समोरच्याला जास्त खुपतो. धुक्यात पिवळा उजेड ‘आरपार जातो’ ही समजूत मात्र फारशी खरी नाही. धुक्याचे थेंब सगळ्याच रंगांना जवळपास सारखेच विखुरतात. तिथे त्रास होतो तो वर सांडणाऱ्या उजेडाचा.

भिंतीची चाचणी: हॅलोजन काढण्याआधी

ही चाचणी जुन्या बल्बवर आधी करायची. तुलनेला मूळ झोतच नसेल तर नंतर काही सिद्ध होत नाही.

१. सपाट जमीन आणि समोर साधी भिंत निवडा. हेडलाइटच्या काचेपासून भिंत १० मीटर. जागा नसेल तर ५ मीटर. टायरमध्ये हवा बरोबर, डिकीत जड सामान नाही, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला, आणि डॅशबोर्डवरचा लेव्हलिंगचा नॉब शून्यावर. काचा पुसून घ्या.

२. दोन्ही दिव्यांच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा. बहुतेक काचांवर मध्याची बारीक खूण असते. तितक्याच उंचीवर भिंतीवर मास्किंग टेपची आडवी पट्टी लावा आणि दोन्ही दिव्यांसमोर उभ्या पट्ट्या.

३. हेडलाइटच्या घरावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर ‘१.०%’ किंवा ‘१.२%’ असा आकडा शोधा. एक टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर उतार, ५ मीटरवर ५ सेंटिमीटर. पहिल्या पट्टीखाली तेवढ्या अंतरावर दुसरी पट्टी लावा. लो बीमची रेघ दुसऱ्या पट्टीवर यायला हवी.

४. एका वेळी एकच दिवा पाहा. दुसऱ्यावर फडकं टाकू नका. चालू हॅलोजनवर ते जळतं आणि प्लॅस्टिकची काचही खराब होते. त्याचा कपलर, म्हणजे बल्बमागचा वायरीचा जोडच, काढून ठेवा.

५. मोबाइलचा एक्स्पोजर लॉक करून फोटो घ्या. लक्स, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड, मोजणारं ॲप असेल तर दोन जागी वाचन घ्या: भिंतीवरच्या सर्वांत उजळ ठिपक्यात, आणि ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवरच्या त्या नियमातल्या जागी. मोबाइलचा सेन्सर अचूक नसतो, पण एकाच फोनवरची दोन वाचनं एकमेकांशी ताडून पाहायला चालतात. आसपासचा उजेड नको, म्हणून हे रात्रीच करा.

बसवताना

दिवे बंद, किल्ली काढलेली, बल्ब गार. आधी फक्त डाव्या बाजूचा बल्ब बदला. उजवीकडे हॅलोजन तसाच राहू द्या, म्हणजे एकाच भिंतीवर, एकाच वेळी दोन्हींची तुलना होते. दोन्ही एकदम बदलणारा मेकॅनिक हा फायदा घालवतो.

एलईडीची कॉलर (होल्डरमध्ये बसणारी कडी) सुटी असेल तर ती आधी होल्डरमध्ये बसवा, स्प्रिंग क्लिप लावा आणि मग बल्ब आत फिरवून घट्ट करा. एच-७ सारख्या (एकाच झोताच्या) बल्बमध्ये चिप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला हव्यात. बारा आणि सहाला आल्या की झोत हमखास फुटतो. एच-४ मध्ये लो बीमच्या चिपखालची पत्र्याची वाटी जमिनीच्या बाजूला हवी. मग बल्ब बोटांनी हलवून पाहा. मागचा पंखा आणि हीट-सिंक यांच्या वजनाने तो मागे झुकतो, आणि हॅलोजनसाठी केलेली क्लिप तेवढं वजन धरेलच असं नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर महिनाभरात ढिला झालेला बल्ब भिंतीवर उत्तम दिसलेला असू शकतो.

आता दिवा लावा आणि भिंत पाहा:

– आडवी रेघ हॅलोजनइतकी स्वच्छ आहे का? धूसर असेल तर कॉलरच्या खाचांत बल्ब थोडा फिरवून पुन्हा पाहा.
– डावीकडचा चढ आहे का? उजवीकडे चढ दिसला तर तो बल्ब त्या दिव्यात चालणार नाही.
– पहिल्या पट्टीच्या वर उजेडाचे पट्टे किंवा ठिपके आहेत का?
– सर्वांत उजळ ठिपका रेघेच्या लगेच खाली आहे, की खूप खाली पसरलाय?
– नियमातल्या जागी लक्सचं वाचन हॅलोजनपेक्षा किती वाढलं? दुप्पट-तिप्पट झालं असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

इथे सर्रास एक चूक होते. वर उजेड सांडतोय म्हटल्यावर मेकॅनिक स्क्रू फिरवून झोत खाली करून देतो. गणित करून पाहा. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल आणि उतार एक टक्का असेल, तर रेघ ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. उतार दोन टक्के केला की ती ३२ मीटरवर येते. ताशी ६० च्या वेगात दीड सेकंद प्रतिक्रियेला धरला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला जवळजवळ ५० मीटर लागतात. ताशी ८० ला ७० च्या वर. म्हणजे उजेड वाढवायला पैसे घातले आणि दिसायचं अंतर निम्म्यावर आलं. शिवाय विखुरलेला उजेड स्क्रूने जात नाही, थोडा खाली सरकतो एवढंच. रेघ फुटली असेल तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरचा नाही. परत करा.

उष्णता आणि पाणी

एलईडी गार असतो हे अर्धसत्य आहे. पुढे टाकलेल्या झोतात उष्णता कमी असते, पण चिपच्या मागे ती साठते आणि तिथून काढावी लागते. इंजिनाशेजारच्या आधीच तापलेल्या जागेत पंखा किंवा तांब्याच्या पट्ट्या हे काम करतात. जमलं नाही, तर चांगला ड्रायव्हर, म्हणजे बल्बचा करंट सांभाळणारं सर्किट, करंट कमी करतो आणि उजेड मंदावतो. स्वस्तातला तसाच जळत राहतो आणि काही महिन्यांत एक चिप विझते.

तपासणी सोपी आहे. फोन भिंतीवर एकाच जागी टेकवून दिवा लावल्यावर एका मिनिटाने आणि अर्ध्या तासाने वाचन घ्या, इंजिन चालू ठेवून. बंद गॅरेजमध्ये हे करू नका. वाचन पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त पडलं, तर दुकानात दाखवलेला उजेड पहिल्या काही मिनिटांपुरता होता.

मागचं झाकण हा कोकण-घाटाच्या पावसात सर्वांत महागात पडणारा भाग. एलईडीची शेपटी होल्डरमागे चारपाच सेंटिमीटर येते आणि मूळ रबरी बूट किंवा प्लॅस्टिकचं झाकण बसत नाही. मग झाकणाला भोक पाडतात किंवा ते काढूनच टाकतात. पाणी आणि धूळ आत गेली की रिफ्लेक्टरचा मुलामा काळा पडतो आणि अख्खं हेडलाइट बदलावं लागतं. हॅलोजनच्या उष्णतेने काचेच्या आतलं दव सुकायचं, एलईडीने ते सुकत नाही. धुकट काच झोत आणखी विखुरते. झाकण न कापता बसत नसेल, तर तो बल्ब घेऊ नका. मोजायचं कसं? मूळ झाकणाची आतली खोली आणि बल्बच्या कॉलरमागची लांबी, दोन्ही पट्टीने. दुकानात उभ्या उभ्या होतं. पंख्याच्या बल्बला झाकणाच्या आत एकदोन सेंटिमीटर मोकळी जागाही लागते, नाहीतर तीच गरम हवा फिरत राहते.

वायरिंग

एलईडी कमी करंट घेतो, त्यामुळे वायर तापण्याची भीती तशी कमी. भानगडी इतर आहेत.

काही जपानी घडणीच्या गाड्यांत एच-४ च्या कपलरमध्ये सामाईक तार पॉझिटिव्ह असते आणि लो-हायचं स्विचिंग अर्थिंगच्या बाजूने होतं. हॅलोजनला उलटसुलट फरक पडत नाही, एलईडीला पडतो: डिपर दिला तरी हाय लागत नाही किंवा दोन्ही एकदम लागतात. मल्टिमीटरने कपलर तपासा, आणि तिन्ही स्थिती पाहा: लो, हाय, आणि दांडी ओढून दिलेला फ्लॅश. हाय बीमचा निळा दिवा डॅशबोर्डवर लागतोय ना, हेही.

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्या दिव्याचा करंट मोजतात. तो कमी दिसला की ‘बल्ब गेला’ असा इशारा येतो किंवा दिवा लुकलुकतो. त्यावर इलाज म्हणून जादा करंट ओढणारा सोनेरी रेझिस्टर देतात. ६ ओहमचा रेझिस्टर साडेतेरा व्होल्टला सुमारे ३० वॅट उष्णता टाकतो आणि शंभर अंशांच्या वर सहज जातो. तो बंपरच्या प्लॅस्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला केबल-टायने बांधलेला दिसला तर त्याच दिवशी काढा. बसवायचाच असेल तर उघड्या पत्र्यावर, स्क्रूने.

रेडिओची चाचणी विसरू नका. एफएमवर थोडं कमजोर स्टेशन लावा आणि हेडलाइट चालू करा. खरखर आली तर ड्रायव्हर निकृष्ट आहे. अशा बल्बने कधीकधी रिमोट किल्लीची पोचही कमी होते. आणि फ्यूज उडायला लागला तर मोठा फ्यूज घालू नका. कमी करंटचा बल्ब लावून फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे.

उजेड खरंच कमी पडतोय, तर

बहुतेक वेळा दोष बल्बचा नसतोच. पिवळी पडलेली काच आधी पाहा. पाणी लावत ८००, मग १,५००, २,००० आणि ३,००० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर कंपाउंड, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. शेवटचा थर टाळला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते.

मग व्होल्टेज. इंजिन चालू, दिवे चालू, बल्ब जोडलेला ठेवून कपलरच्या मागून मोजा. बल्ब काढून घेतलेलं वाचन निरुपयोगी. बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२.६ व्होल्ट आले, तर तुटपुंज्या वायरीत दहा टक्के गेले. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीन घाताच्या प्रमाणात घटतो, म्हणजे दहा टक्के व्होल्टेज गेलं की सुमारे तीस टक्के उजेड गेला. जुन्या गाडीत यावर रिले किट, म्हणजे बॅटरीचा करंट जाड वायरीने थेट दिव्यांना देणारे स्विच: लो आणि हायसाठी वेगळा ३० अँपिअरचा रिले, बॅटरीलगत प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अर्थिंगलाही तेवढ्याच जाडीची, आणि सिरॅमिक होल्डर. बल्ब ६०/५५ वॅटचाच. रिले आहे म्हणून १००/९० लावला की होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो आणि समोरच्याचे डोळे दिपतातच. गाडी वॉरंटीत असेल किंवा दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असेल तर किटला हात लावू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला व्होल्टेज ड्रॉप दाखवा.

नवे हॅलोजन बल्ब जोडीने घाला, काचेला बोट न लावता; लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट डागाशी काच तापून बल्ब लवकर जातो. काही असो, बल्ब बदलला की भिंतीसमोर गाडी पुन्हा उभी करायची. टेपच्या खुणा गॅरेजच्या भिंतीवर रंगाने पक्क्या करून ठेवल्या तर दर वेळी पाच मिनिटांचं काम.